वाघिणीत माल काय?

माझे वडील मध्य रेल्वेत मालगाडीवर गार्ड होते. ड्यूटीवरून आल्यावर हातपाय धुऊन ते चहाला बसले की आई विचारायची, "आज काय होतं?" आणि अण्णा सांगायचे, "चाळीस वाघिणी. सिमेंट. तीन रिकाम्या." इंग्रजी वॅगनची मराठी माणसाने वाघीण करून टाकली, आणि ती इतकी आपलीशी केली की मालगाडी घसरली तर वर्तमानपत्रांतही 'पाच वाघिणी रुळांवरून उतरल्या' असेच छापून येते. लहानपणी मला हा शब्द खराच वाटत असे. कल्याणच्या यार्डात रात्री एकमेकींवर आदळणाऱ्या त्या तांबूस तपकिरी, अवजड वाघिणी मला जिवंत वाटत, आणि त्या कळपाच्या शेवटी अण्णा एकटे दिवा घेऊन बसतात याचा मला फार अभिमान वाटे.

आज ठाण्यात, पाचपाखाडीतल्या आमच्या घरी, काचेच्या दारांच्या एका कपाटात माझ्या त्रेसष्ट वाघिणी आहेत. बहुतेक सगळ्या एचओ मापाच्या, म्हणजे खऱ्या वाघिणीच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाच्या. तळहातावर उभी राहील एवढी एकेक. कपाटात इंजिन एकच आहे आणि तेही साधे, वापरलेले घेतलेले डिझेल. छोट्या रेल्वेचा छंद असलेली बहुतेक माणसे आधी इंजिने जमवतात आणि त्यांच्या मागे लावायला म्हणून डबे घेतात. मी गार्डाची मुलगी असल्यामुळे माझी नजर मागच्या बाजूनेच गाडीकडे जाते. त्यातही मी फक्त दोन प्रकारच्या वाघिणी घेते: एखाद्या प्रसंगाची आठवण म्हणून काढलेल्या, आणि खऱ्या रुळांवर कधीच न धावलेल्या, केवळ कल्पनेतून आलेल्या. सिमेंटची, कोळशाची, तेलाची हुबेहूब वाघीण कितीही सुरेख असली तरी ती मी घेत नाही. ठाणे स्थानकात पुलावर उभे राहिले की तशा हव्या तेवढ्या पाहायला मिळतात.

पहिली वाघीण माझ्या मामेभावाने आणली. तो तेव्हा जर्मनीत श्टुटगार्टला नोकरीला होता आणि तिथून जवळच असलेल्या गोपिंगेन या गावात मार्क्लिन कंपनीचे संग्रहालय आहे. ही कंपनी १८५९ मध्ये बाहुल्यांच्या स्वयंपाकघरासाठी पत्र्याची भांडी करण्यापासून सुरू झाली आणि १८९१ मध्ये तिने लायपझिगच्या जत्रेत चावीवर चालणारी रेल्वे मांडली. तिचे रूळ ठरावीक मापांचे होते, त्यामुळे एकदा संच घेतला की पुढे दर वर्षी त्याला नवे रूळ आणि नवे डबे जोडत जाता येई. आज जगभर जो संग्राहक दर वर्षी एक नवा डबा घेतो, त्याच्या सवयीचे मूळ मला या जत्रेत दिसते. मार्क्लिन दर वर्षी एक 'संग्रहालयाचा डबा' काढते आणि तो त्या संग्रहालयातच विकला जातो. त्यावर अनेकदा गोपिंगेनच्या परिसरातल्याच एखाद्या उद्योगाचे नाव असते. म्हणजे तो डबा हाती असणे याचा अर्थ आपण, किंवा आपल्यासाठी कोणीतरी, त्या गावी जाऊन आले आहे, असा होतो.

मामेभावाने तो डबा अण्णांच्या हातात दिला. अण्णा तेव्हा नुकतेच निवृत्त झाले होते. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून तो डोळ्यांजवळ धरला, उलटा करून आस पाहिले, बोटाने चाक फिरवले, बफर दाबून पाहिले आणि मग विचारले, "ह्यात माल काय?"

भाऊ म्हणाला, "अण्णा, आठवण म्हणून काढलाय हा. त्यात माल नाही."

"मग रिकामी चाललीय म्हण की," अण्णा म्हणाले, आणि त्यांनी तो डबा माझ्याकडे दिला. त्यात नाराजी नव्हती. मालगाडीच्या गार्डाला प्रत्येक वाघिणीबद्दल पडणारा हा पहिला प्रश्न होता आणि त्यांनी तो त्या वीतभरही नसलेल्या वस्तूबद्दल तितक्याच गांभीर्याने विचारला होता. पुढची वीस वर्षे मी आणलेल्या प्रत्येक वाघिणीबद्दल त्यांनी हाच प्रश्न विचारला, आणि माझा संग्रह ज्या वळणाने वाढला ते वळण बरेचसे या प्रश्नाने दिलेले आहे.

तो डबा चालवायचा म्हणून मी मुंबईतून जुना, दोन रुळांचा एक लहान संच आणला. रूळ जोडले, इंजिन ठेवले, ते व्यवस्थित फिरले. मागे हा डबा ठेवला आणि त्याच क्षणी इंजिन जागच्या जागी थांबले. डबा उचलला की इंजिन चालू, ठेवला की बंद. दोन दिवस मी इंजिनच खोलून पाहत होते. कारण वेगळेच होते. माझ्या संचात डाव्या रुळातून वीज येते आणि उजव्यातून परत जाते, त्यामुळे दोन्ही रुळांचा एकमेकांशी कुठेही संबंध येऊन चालत नाही. मार्क्लिनची एचओ रेल्वे वेगळ्या रीतीने चालते: तिथे वीज रुळांच्या मधोमध असलेल्या बारीक खिळ्यांच्या ओळीतून घेतली जाते आणि दोन्ही रूळ मिळून परतीची वाट होतात. म्हणून तिच्या डब्यांची डावी-उजवी चाके धातूच्या आसाने सरळ जोडलेली असली तरी बिघडत नाही. माझ्या रुळांवर मात्र तोच आस शॉर्ट सर्किट करत होता. चाकाच्या भोकात प्लास्टिकची बारीकशी चकती घालून वेगळी केलेली चाके मिळतात. मामेभावाने पुढच्या खेपेला ती आणली, आणि डबा घरी आल्यापासून चौदा महिन्यांनी पहिल्यांदा धावला. अण्णांनी गाडीच्या मागे वाकून पाहिले आणि म्हणाले, "एलव्ही लाव तिला." शेवटच्या डब्यावर 'एलव्ही' ही पाटी असते, म्हणजे लास्ट व्हेइकल, ती दिसली की गाडी मध्ये तुटून मागे काही राहिलेले नाही, अखंड आली आहे, हे स्टेशनातल्या माणसाला कळते. मी पिवळ्या कागदाचा नखाएवढा तुकडा कापून त्यावर काळ्या शाईने दोन अक्षरे लिहिली आणि डब्याच्या मागे चिकटवली. तो कागद अजून तिथेच आहे. जाणकार संग्राहक सांगतात की अशाने डब्याची किंमत जाते. गेली असेल.

छोट्या रेल्वेच्या एका नामांकित कंपनीच्या इतिहासात डबा हा इंजिनाच्या आधी येतो, हे मला नंतर वाचनातून कळले आणि मनापासून आनंद झाला. न्यूयॉर्कमध्ये १९०० साली जोशुआ लायोनेल कोवेन यांनी जी कंपनी काढली, तिची पहिली रेल्वे म्हणजे विजेवर चालणारा एक उघडा लाकडी डबा होता. वेगळे इंजिन नव्हतेच. मोटर डब्याच्या खालीच बसवलेली होती. दुकानाच्या काचेमागे हा डबा माल घेऊन गोल फिरत राहील आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचे लक्ष त्या मालाकडे जाईल, अशी कल्पना होती. झाले असे की गिऱ्हाईक आत येऊन मालाऐवजी तो डबाच मागू लागले. लायोनेल हे नाव पुढे अमेरिकेत छोट्या रेल्वेचे दुसरे नावच झाले, आणि त्या सगळ्याच्या मुळाशी एक वाघीण होती.

प्रसंगाच्या वाघिणींचा खरा बहर अमेरिकेत १९७६ च्या आसपास आला. त्या वर्षी त्यांच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षे झाली. खऱ्या रेल्वे कंपन्यांनीच आधी उत्साह दाखवला आणि लाल, पांढऱ्या, निळ्या रंगांत कितीतरी इंजिने रंगवली. सीबोर्ड कोस्ट लाइन या रेल्वेने तर एका इंजिनाला १७७६ हाच क्रमांक दिला. अमेरिकन फ्रीडम ट्रेन नावाची एक संपूर्ण गाडी १९७५ आणि १९७६ मध्ये वाफेच्या इंजिनांनी देशभर फिरवली गेली आणि तिच्या डब्यांत जॉर्ज वॉशिंग्टन यांची राज्यघटनेची प्रत आणि चंद्रावरून आणलेला दगड असा ऐवज लोकांना पाहायला ठेवलेला होता. हे अण्णांना सांगितले तेव्हा ते समाधानाने म्हणाले, "मग माल होता म्हणायचा." लायोनेलने याच निमित्ताने मूळ तेरा राज्यांच्या नावाने तेरा बंद वाघिणी काढल्या. त्यांतली एक माझ्याकडे भाचीने पाठवलेली आहे. ती ओ गेजची, म्हणजे माझ्या इतर वाघिणींच्या जवळजवळ दुप्पट. माझ्या रुळांवर ती बसत नाही, त्यामुळे कपाटात सगळ्यांत खालच्या फळीवर तिच्या मापाच्या रुळाच्या एका तुकड्यावर उभी असते.

या वाघिणींच्या बाबतीत एक गोष्ट संग्राहकांना फार उशिरा उमगली. जे मुद्दाम जपण्यासाठी म्हणून काढले गेले, ते सगळ्यांनीच जपले. खोके न उघडता माळ्यावर ठेवलेले असे डबे आज मुबलक आहेत आणि बहुतेकांना त्यांच्या मूळ किमतीपेक्षा फारसे मिळत नाही. याउलट १९५७ मध्ये लायोनेलने खास मुलींसाठी म्हणून गुलाबी इंजिनाचा एक संच काढला होता, त्यात फिकट जांभळी, लोण्यासारखी पिवळी, आकाशी अशा रंगांचे डबे होते. तो त्या काळी खपलाच नाही. ज्या मुलींना रेल्वे आवडायची त्यांना ती खऱ्या रेल्वेसारखी काळी हवी होती. आज त्या नाकारलेल्या संचाचा शोध घेत माणसे वर्षानुवर्षे फिरतात, आणि पुष्कळ नकली गुलाबी इंजिनेही बाजारात आहेत. पेन्सिल्व्हेनियातल्या यॉर्क येथे ट्रेन कलेक्टर्स असोसिएशन या १९५४ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेचा जो मोठा मेळा भरतो, तिथे डब्याची प्रत ठरवण्याच्या ठरलेल्या पायऱ्या आहेत आणि न वापरलेला डबा सर्वांत वरच्या पायरीवर असतो. खरेदी-विक्रीसाठी अशी शिस्त लागते हे मला मान्य आहे. पण कोणत्याही डब्याचे चाक एकदाही फिरू नये यासाठी धडपडणे मला जमत नाही आणि पटतही नाही.

कल्पनेतल्या वाघिणींबद्दल मला त्याहून जास्त प्रेम आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर लायोनेलच्या कारागिरांनी एकाहून एक वाघिणी घडवल्या. १९४७ मध्ये आलेल्या दुधाच्या डब्यात बटण दाबले की दार उघडून पांढऱ्या कपड्यांतला एक बोटाएवढा माणूस दुधाचे कॅन एकेक करून फलाटावर ढकलतो. १९५९ मध्ये मत्स्यालयाचा डबा आला. त्याच्या खिडक्यांमागे मासे रंगवलेली पट्टी सरकत राहते आणि पाण्यात मासे पोहत असल्यासारखे दिसते. पुढे अमेरिकी सरकारचे सोने जिथे ठेवलेले आहे त्या फोर्ट नॉक्सच्या नावाचा, आतल्या सोन्याच्या विटा दिसतील असा पारदर्शक डबा आला. शीतयुद्धाच्या काळात दारूगोळ्याची वाघीणही आली, जिच्यावर क्षेपणास्त्राचा नेम बसला की तिच्या भिंती उडून पडत. ती मात्र मी कधी घेतली नाही, घेणारही नाही. अण्णांना या सगळ्यांत दुधाचा डबा सर्वांत पसंत पडला. छायाचित्र पाहूनच ते म्हणाले, "ह्यात माल आहे, आणि उतरवणारा माणूसही आहे."

माझ्याकडे आहे तो जिराफाचा डबा, पुढच्या काळात पुन्हा काढलेल्या आवृत्तीतला. मूळ डबा १९६० च्या दशकातला आणि त्यावर न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स प्राणिसंग्रहालयाचे नाव असे. बंद वाघिणीच्या छताला एक लांबट खाच आहे आणि तिच्यातून जिराफाची मान वर आलेली असते. रुळाच्या कडेला एक खांब उभा करायचा, त्याला वरून दोऱ्यांची झालर लोंबत असते. वाघीण खांबाजवळ आली की रुळाशेजारची पट्टी डब्याखालची कळ दाबते आणि जिराफ मान खाली घालून झालरीखालून निघून जातो, पुढे गेला की पुन्हा मान वर. या गमतीमागे एक कठोर वस्तुस्थिती आहे. अमेरिकेत एके काळी ब्रेक लावणारे कामगार धावत्या मालगाडीच्या छतावरून चालत जात, आणि पूल किंवा बोगदा येण्यापूर्वी अशाच लोंबणाऱ्या दोऱ्या अंधारात त्यांच्या अंगाला लागल्या की ते खाली वाकत. त्या दोऱ्यांवर माणसांचे जीव अवलंबून होते. अण्णांना मी हे वाचून दाखवले तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "पावसात ब्रेकव्हॅनच्या फळीवर उभं राहायला आम्ही कुरकुर करायचो."

शेजारच्या बिऱ्हाडातला मुलगा दुसरीत आहे. मागच्या वर्षी मे महिन्यात तो आमच्याकडे दुपारचा येऊन बसे. जिराफाची वाघीणही ओ गेजची असल्याने मोटरवर चालवणे शक्य नव्हते. तो हातानेच ती त्या एका तुकड्यावर पुढे-मागे ढकलायचा आणि जिराफ वाकताना पाहायचा. एकदा त्याने विचारले, "आजी, हा पारसिकच्या बोगद्यातून कसा जाईल? तिथे तर दोऱ्या नाहीत." मी त्याला सांगितले, की रेल्वेच्या फाटकाच्या आधी रस्त्यावर उंचीची कमान असते ना, वरच्या विजेच्या तारेला ट्रकचा माल लागू नये म्हणून, तशीच ही आहे, बोगद्याच्या आधी ती लावली की झाले. तो लगेच उठला, आईकडून लोकरीचा तुकडा घेऊन आला, दिवाणाच्या पायाला बांधला आणि दिवाणाखालचा अंधार हा पारसिकचा बोगदा ठरवून जिराफाला त्यातून कळव्याकडून मुंब्र्याकडे नेऊ लागला. सव्वा किलोमीटरहून लांब असलेल्या, १९१६ पासून वापरात असलेल्या त्या बोगद्यातून मी तीस वर्षे जलद लोकलने ये-जा केली, पण तो दुसऱ्या कोणत्या टोकाकडून पाहावा असे मला सुचले नव्हते.

या वस्तू टिकवणे ठाण्याच्या हवेत सोपे नाही. येऊरकडून पाऊस उतरायला लागला की चार महिने घरात कागदसुद्धा मऊ पडतो. एका परदेशी कंपनीची नाताळची वाघीण मी ती आली तशीच, तिच्या खोक्यातल्या स्पंजाच्या खोबणीत, माळ्यावर ठेवली होती. आठ-नऊ वर्षांनी काढली तेव्हा स्पंज पिवळा पडून मधासारखा चिकट झाला होता आणि छतावरच्या पांढऱ्या बर्फाच्या रंगात त्याची जाळी उमटली होती. ती आजही तशीच आहे. तेव्हापासून मी सगळ्या वाघिणी आम्लरहित पातळ कागदात गुंडाळते, सिलिका जेलच्या पुड्या ठेवते, दसऱ्यानंतर एकेक काढून उन्हात न ठेवता नुसती वारा लागेल अशी मांडते. दोन महायुद्धांच्या मधल्या काळातले ओतीव जस्ताचे डबे घेण्याच्या फंदात मात्र पडत नाही. त्या धातूत शिशाचा अंश राहून गेलेला असेल तर तो आतून फुगतो, त्याला बारीक चिरा पडतात आणि शेवटी चाके आणि सांगाडा बिस्किटासारखे भुगा होतात. याला उपाय नाही.

नवीन वाघिणी आता फारशा येत नाहीत. खेळण्यांवरील मूळ आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के झाले आणि २०२३ मध्ये ७० टक्के. त्यामुळे दुकानांतला परदेशी माल माझ्या निवृत्तिवेतनाच्या आवाक्याबाहेर गेला. मला त्याचे वाईट वाटते, पण त्यामुळे असलेल्या वाघिणींकडे नीट पाहण्याची सवड मिळाली हेही खरे आहे.

त्या सवडीतून एक रीत पडली. प्रत्येक वाघीण ज्या दिवसासाठी काढलेली आहे, त्या दिवशी ती बाहेर येते आणि धावते. दिवाणामागे उभी करून ठेवलेली सहा फूट बाय चार फुटांची प्लायवूडची फळी मी जेवणाच्या टेबलावर आडवी टाकते, तिच्यावर रुळांचे लंबवर्तुळ कायमचे बसवलेले आहे. नाताळला त्या डागाळलेल्या छताच्या वाघिणीचा मान असतो. ४ जुलैला, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, भाचीने पाठवलेली मोठी वाघीण तिच्या तुकड्यासकट टेबलाच्या मध्यभागी येते आणि बाकीची गाडी तिच्याभोवती फिरते. धावायच्या वाघिणींची तयारीही करावी लागते. अमेरिकेतल्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनची शिफारस अशी आहे की एचओ डब्याचे वजन एक औंस अधिक लांबीच्या प्रत्येक इंचाला अर्धा औंस असावे. सहा इंची डबा म्हणजे चार औंस, सुमारे ११३ ग्रॅम. शोभेच्या वाघिणी यापेक्षा पुष्कळ हलक्या असतात आणि गाडीच्या मध्ये लावल्या की वळणावर आतल्या बाजूला ओढल्या जाऊन घसरतात. मी नट-बोल्टच्या दुकानातून लोखंडी वायसर आणते आणि डब्याची तळाची पट्टी काढून आसांच्या बरोबर वर दोन्हीकडे सारखे चिकटवते. माल भरल्याशिवाय वाघीण नीट धावत नाही, हे अण्णांना सांगायचे राहून गेले. हे मला जमू लागले तोवर ते गेले होते.

राहता राहिला आमचा स्वतःचा दिवस. १६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी बोरीबंदरहून ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची गाडी निघाली, एकवीस तोफांची सलामी झाली, आणि चौतीस किलोमीटरवरच्या ठाण्याला ती पोहोचली. भारतातल्या पहिल्या प्रवासी गाडीचे हे शेवटचे स्टेशन होते. कल्याणपर्यंतचा मार्ग सुरू व्हायला १ मे १८५४ उजाडला. साहिब, सिंध आणि सुलतान ही तिच्या तीन इंजिनांची नावे ठाण्यातल्या शाळकरी मुलांनाही पाठ असतात. चौदा डबे होते आणि त्यांत सुमारे चारशे पाहुणे बसले होते, एवढेच डब्यांबद्दल सांगितले जाते. १९५३ मध्ये शताब्दीनिमित्त टपाल खात्याने दोन आण्यांचे तिकीट काढले, त्यावरही १८५३ चे आणि १९५३ चे अशी दोन इंजिनेच आहेत. माझ्या कपाटात गोपिंगेनसाठी वाघीण आहे, फिलाडेल्फियातल्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यासाठी आहे, ठाण्यासाठी नव्हती. एखादी साधी वाघीण रंगवून तिच्यावर मराठीत '१८५३' लिहावे असे अनेकदा मनात आले. रंगही आणून ठेवला होता. पण रंगवलेल्या आकड्याकडे पाहून अण्णांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला असता, आणि माझ्यापाशी उत्तर नव्हते.

उत्तर त्यांच्याच जुन्या पाकिटात होते. आई गेल्यावर अण्णा माझ्याकडे ठाण्यात राहायला आले होते, आणि तेव्हा, बहुधा २००४ च्या पावसाळ्यात, ते नौपाड्यातून भाजी घेऊन आले ते पिशवी खाली न ठेवताच मला हाका मारत. भाजीवालीने दिलेल्या सुट्ट्या पैशांत दोन रुपयांचे एक नाणे होते. रेल्वेला दीडशे वर्षे झाली म्हणून २००३ मध्ये काढलेले. त्यावर भोलू होता, हातात दिवा घेतलेला, गणवेशातला हत्ती, रेल्वेचे बोधचिन्ह. "बघ, गार्ड आहे हा," अण्णा म्हणाले, "ड्रायव्हर नाही, गार्ड." इतकी वर्षे इंजिनांचीच चित्रे पाहिलेल्या त्या माणसाच्या चेहऱ्यावर जे काही होते ते मी आजवर विसरलेले नाही. ते नाणे त्यांनी कधी खर्च केले नाही. पाकिटाच्या आतल्या कप्प्यात, आईच्या फोटोमागे ते मला सापडले. आता गार्डाला ट्रेन मॅनेजर म्हणतात. २०२२ मध्ये हे पदनाम बदलले, तेव्हा अण्णा नव्हते.

ते नाणे अकरा कोनी आहे, सव्वीस मिलिमीटर रुंद आणि सहा ग्रॅम वजनाचे. माझ्याकडच्या उघड्या वाघिणीची आतली रुंदी मी पट्टीने मोजली, ती एकतीस मिलिमीटर भरली. म्हणजे नाणे तिच्यात आडवे, सपाट बसते आणि दोन्ही बाजूंना अडीच अडीच मिलिमीटर उरतात. त्या जागेत मी खोबऱ्याच्या किसासारखा बारीक केलेला बुचाचा भुगा भरला, म्हणजे वळणावर ते सरकत नाही.

या १६ एप्रिलला मी फळी टाकली. चौदा वाघिणी मोजून लावल्या: पुढे जड, मागे हलक्या, आणि नाण्याची उघडी वाघीण सर्वांत शेवटी, कारण गार्डाची जागा तीच. गोपिंगेनच्या डब्याची पिवळी पाटी सोडवायला धजावले नाही, म्हणून दुसरी कापली आणि 'एलव्ही' लिहून मागे चिकटवली. शेजारचा मुलगा घड्याळाकडे बघत बसला होता. तीन पस्तीस झाल्यावर त्याने तोंडाने शिट्टी वाजवली आणि मी नॉब फिरवला. गाडीने पहिले वळण घेतले, मधली एक वाघीण थोडी डगमगली, सावरली. तो वाकून मागून येणारे डबे मोजत होता आणि चौदावा समोर आला तेव्हा त्याने मला विचारले, "आजी, ह्यात काय आहे?"

"गार्ड आहे," मी म्हटले.